कोरी पाने गेली, पेन्सिल तरी हाती द्या

दहावीच्या सराव परीक्षेचे गठ्ठे तपासून झाले की दरवर्षी येणारी शिक्षकांची पत्रे यंदाही आली आहेत. औसा, उदगीर, कंधार, मुखेड, सगळीकडून तक्रार एकच. आत्मकथन असो की वैचारिक लेखन, अर्ध्या वर्गाची पहिली चार वाक्ये सारखीच, कारण ती एकाच गाईडातून पाठ केलेली. मराठी कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत लेखनकौशल्याला 8 गुण, आणि तेवढ्यासाठी आपण मुलांना वर्षभर तयार निबंध उतरवून देतो. मूळ दुखणे लेखनाच्या तासात नाहीच. मुले वाचतात कशी, ते आधी पाहायला हवे.

याबाबतीत शासनाने एक चांगली गोष्ट केली होती आणि स्वतःच ती मोडली. 2023-24 पासून आठवीपर्यंतच्या पाठ्यपुस्तकांत कोरी पाने आली. दप्तराचे ओझे कमी करणे हा त्यामागचा मोठा हेतू. मराठीच्या शिक्षकाला मात्र त्यात दुसरेच मोल दिसायला हवे होते. पाठ वाचता वाचता अडलेला शब्द, मनात आलेली शंका, न पटलेले विधान लिहायला पुस्तकातच जागा मिळाली होती. त्या पानावर काय लिहून घ्यायचे, हे करून दाखवायला किती वर्गांत कोणी आले? कुठे फळ्यावरची प्रश्नोत्तरे त्यावर उतरवली गेली, पुष्कळ ठिकाणी पाने कोरीच राहिली, आणि मुले वह्याही नेतच राहिली. जानेवारी 2025 मध्ये निर्णय रद्द झाला. पाने वापरली गेली नाहीत, म्हणून पानेच काढली. ती का वापरली गेली नाहीत, हे शिक्षकांना विचारायला हवे होते.

शाळेच्या ग्रंथालयाची गोष्ट याहून वाईट. पुस्तक हरवले तर वसुली आपल्याकडून होईल, या धास्तीने कपाटाला कुलूप. जीर्ण पुस्तकांच्या निर्लेखनाचा प्रस्ताव वर्षानुवर्षे कोणी हातात घेत नाही. आणि 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाचे फोटो मात्र दुपारच्या आत गटावर हवेत! फोटोत मुले पुस्तक उघडून बसलेली दिसली की काम झाले. कोणी काय वाचले, वाचून काय लिहिले, यासाठी अहवालाच्या नमुन्यात एकही रकाना नसतो. अधिकाऱ्यांनी फोटोऐवजी मुलांची टिपणे मागवावीत आणि वापरून फाटलेल्या पुस्तकाची वसुली शिक्षकाकडून होणार नाही, असे लेखी द्यावे. याला एक रुपयाही लागत नाही.

दोष वर ढकलून आपण मात्र सुटत नाही. पुस्तकावर रेघ ओढली म्हणून मुलाला रागावणारे आपणच. अपठित उतारा 4 गुणांचा म्हणून परीक्षेच्या तोंडावर उरकणारेही आपणच. सारांशलेखन पत्रलेखनाला पर्याय म्हणून येते, म्हणून ते शिकवतच नाहीत, असे शिक्षक आपल्यात कमी नाहीत. निबंधाची खरी तालीम याच दोन ठिकाणी होते.

वाचनातून लेखन कसे येते, हे नांदेडकरांना बाहेरून शिकण्याची गरज नाही. पीपल्स कॉलेजात शिकवणारे आणि पुढे तिथेच प्राचार्य झालेले नरहर कुरुंदकर यांचे बरेचसे लेखन दुसऱ्यांची पुस्तके वाचताना उठलेल्या प्रश्नांतून आले आहे. ‘धार आणि काठ’ हे पुस्तकच मराठी कादंबऱ्यांच्या वाचनातून उभे राहिले. ‘श्रीमान योगी’च्या आरंभी रणजित देसाईंना लिहिलेले त्यांचे दीर्घ पत्र आहे. शिवचरित्राची साधने तपासत, उलटे प्रश्न विचारत वाचणारा माणूस कसा लिहितो, हे त्यात दिसते. वर्गात त्यातली दोन पाने वाचून दाखवा.

वर्गातल्या तालमीसाठी मात्र बाहेरची एक रीत उपयोगी पडेल. बेंजामिन फ्रँकलिनने किशोरवयात ‘स्पेक्टेटर’ या इंग्रजी नियतकालिकातले निबंध घेऊन प्रत्येक वाक्याचे त्रोटक टिपण केले, काही दिवस बाजूला ठेवले, मग टिपणावरून निबंध पुन्हा लिहिला आणि मुळाशी ताडून पाहिला. आपल्या नववीच्या वर्गात हे सहज जमते. दैनिकातल्या एखाद्या लेखाची झेरॉक्स द्या. प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात मुलाने एकच वाक्य लिहायचे: लेखक इथे काय म्हणतो. ठाम विधानाखाली रेघ, त्याच्या पुराव्यापुढे खूण, पुरावा नसेल तर प्रश्नचिन्ह. शेवटचा परिच्छेद कापून ठेवा आणि तो मुलांकडून लिहून घ्या. चार दिवसांनी मूळ लेख काढून घेऊन समासातल्या वाक्यांवरून सगळा लेख लिहायला लावा. कोणता दुवा सुटला, हे मग मुलालाच दिसते.

वेळ नाही, असे लातूरच्या शिक्षकांनी तरी म्हणू नये. आठवड्याची चाचणी, लगेच तपासणी, चुकलेल्यावर पुन्हा काम, ही शिस्त लातूर पॅटर्नने राज्याला दाखवली. ती विज्ञान-गणितापुरती का ठेवायची? निबंधाची गरज दहावीवर संपतही नाही: राज्यसेवा मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली आहे, निबंधाचा स्वतंत्र पेपर 250 गुणांचा आहे. नांदेड-लातूरच्या अभ्यासिकांत बसलेली मुले काल आपल्याच वर्गात होती. त्यांनाही आता निबंधाच्या तयार पीडीएफ विकल्या जात आहेत.

शिक्षक बंधुभगिनींनो, येत्या घटक चाचणीपर्यंत आठवड्यातला एक तास अशा वाचनाला द्या. वर्गातल्या कोणत्याही एका मुलाने खुणा केलेला उतारा आणि त्यावरून लिहिलेला निबंध, मुलाचे नाव झाकून, आमच्याकडे पाठवा. हुशार मूलच निवडू नका. आलेल्या नमुन्यांना पुढच्या अंकाची मधली पाने राखून ठेवली आहेत.