भिशीतल्या गप्पा

गेल्या महिन्यात एका रविवारी चहा घेताना ह्यांनी पुरवणीतला एक विनोद मोठ्यांदा वाचून दाखवला. महिला मंडळाची सभा. विषय काय, तर गैरहजर सभासद! मीही हसले. खोटं कशाला बोलू, आमच्याकडे अशा गप्पा होतातच. साड्या होतात, सुना होतात, कुणाच्या ढोकळ्याला जाळी पडली नाही तेही होतं.

त्याच आठवड्यात आमची भिशी होती. सगळ्या निघाल्या, तरी एक मैत्रीण कपबशा विसळत मागे राहिली. (तिला विचारूनच लिहिते आहे.) विसळता विसळता म्हणाली, "दोन महिने घरात पगार आलेला नाही गं. बांगड्या गहाण पडल्यात. मुलाची फी भरायचीय." हे तिनं माहेरीसुद्धा सांगितलं नव्हतं. त्या महिन्याचा नंबर माझा होता. तो तिला दिला, तिचा मी घेतला. वहीत तेवढी नोंद केली, झालं.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "काय, आज कुणाचा नंबर होता निंदेला?" मला उत्तर देता येईना. सांगण्यासारखं होतं, पण सांगायचं नव्हतं. तेव्हा लक्षात आलं, पेपरवाल्यांना आपल्या ढोकळ्याच्या गप्पाच का ऐकू जातात! बाकीचं आपण उंबऱ्याबाहेर जाऊच देत नाही.

१९५९ साली गिरगावात एका गच्चीवर सात जणी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला बसल्या. लांबून पाहणाऱ्याला गप्पा मारणाऱ्या बायकाच दिसल्या असतील. त्यातूनच लिज्जतचा उद्योग उभा राहिला. १९७२ पासून मुंबईत मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्याबरोबर महागाईविरुद्ध लाटणी घेऊन बायका रस्त्यावर आल्या, तेव्हा त्यांची बातमी झाली. पण एकमेकींना 'चल गं' म्हणणं आधी घराघरांतच झालं असणार ना?

तेव्हा मैत्रिणींनो, विनोद वाचून रुसू नका आणि मंडळात जाणंही सोडू नका. दोन पथ्यं मात्र पाळा. भिशीचा हिशेब वहीत लिहून सह्या घ्या. आणि एकीनं सांगितलेली अडचण दुसरीच्या घरी नेऊ नका.

आणखी एक. सगळ्या निघाल्यावर कपबशा विसळायला कोण मागे राहते, तिच्याकडे जरा लक्ष असू द्या.