देणगी दवाखान्याच्या नावे

रस्त्यावरून उचलून आणलेल्या कुत्र्या-मांजरांच्या उपचारासाठी पैशाचे आवाहन झाले की दोन प्रतिक्रिया हटकून उमटतात. कोणी जखमेचा फोटो पाहून कळवळते आणि शंभर-पाचशे रुपये लगेच पाठवून देते. कोणी म्हणते, माणसे औषधाविना मरताहेत आणि यांना कुत्र्यांचे पडले आहे. या दुसऱ्या प्रतिक्रियेचे खंडन करणे हा लेखाचा मुख्य हेतू आहे. पण पहिली प्रतिक्रियाही जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. अशा उपचारांसाठी देणगी मागणे योग्य आहे आणि देणे आवश्यक आहे. मात्र ती एकेका जनावराच्या फोटोवर मिळत राहिली, तर ज्या कामासाठी ती मागितली जाते ते काम कधीच उभे राहत नाही, असे माझे ठाम मत आहे.

‘आधी माणसे’ हा आक्षेप ऐकताक्षणी बिनतोड वाटतो. दानाचा पैसा ठरावीकच असतो आणि त्यातला कुत्र्यासाठी काढलेला रुपया एखाद्या रुग्णाच्या वाट्याचा असतो, असे त्यात गृहीत धरलेले आहे. हे गृहीतक तपासून पाहावे. लग्नातल्या जेवणावळींवर, फटाक्यांवर, दर वर्षी बदललेल्या मोबाइलवर होणाऱ्या खर्चाला हा प्रश्न विचारला जात नाही. तो विचारला जातो फक्त दुसऱ्या एका दानाला. शिवाय शहरात माणसाचे आरोग्य आणि रस्त्यावरच्या जनावराचे आरोग्य एकमेकांपासून सोडवता येत नाही, आणि याचा सर्वांत कठोर पुरावा रेबीज आहे. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर उपाय उरत नाही. जगातल्या रेबीजमृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश मृत्यू एकट्या भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यात गरिबांची मुले मोठ्या संख्येने असतात. म्हणजे ज्यांच्या नावाने हा आक्षेप घेतला जातो, त्यांच्याच घरांवर कुत्र्यांच्या अनारोग्याचा घाला पडतो.

गोव्याने यावर काय करता येते ते दाखवून दिले. २०१३ ते २०१९ या काळात राज्य सरकार आणि देणग्यांवर चालणारी ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांनी मिळून तेथे काम केले. वर्षाला ९५ हजारांहून अधिक कुत्र्यांना लस टोचली गेली, सत्तर टक्के कुत्र्यांपर्यंत लस पोहोचली, दर वर्षी दीड लाख शाळकरी मुलांना कुत्रा चावल्यावर काय करायचे ते शिकवले गेले. ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात २०२२ मध्ये या कामाचा लेखाजोखा छापून आला. त्यानुसार कुत्र्यांमधल्या रेबीजच्या मासिक घटना ९२ टक्क्यांनी घटल्या आणि त्या कालखंडाच्या अखेरीस माणसांचे रेबीजमृत्यू शून्यावर आले. यावर कोणी म्हणेल, ते लसीकरण होते, मोडलेल्या पायाची शस्त्रक्रिया नव्हती. हे बरोबर आहे, आणि लसीचे श्रेय उपचाराला देण्याचा माझा इरादा नाही. पण त्या योजनेत लस आणि शिक्षण यांच्या जोडीला आणखी एक काम होते: कुठे कुत्रा आजारी आहे, विचित्र वागतो आहे, मेला आहे, याची खबर मिळवणे आणि ताबडतोब तेथे पोहोचणे. ही खबर नागरिकच देतात. आजारी जनावरासाठी फोन करणाऱ्याला तीन ठिकाणी ‘जागा नाही’ असे ऐकावे लागले, तर चौथ्या वेळी तो फोन करत नाही. ज्या वस्तीत जखमी कुत्र्याला औषध मिळते त्या वस्तीत त्याला खायला घालणारी बाई लसीच्या दिवशी त्याला स्वतः धरून आणते. उपचाराची सोय नसलेल्या गावात रोगाची खबरही उशिराच लागणार.

‘हे काम महापालिकेचे आहे, लोकांनी का पैसे द्यावेत?’ हा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो अर्धा खरा आहे. २००१ चे आणि त्यांची जागा घेणारे २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम ही जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकतात. पण नियमांचा सगळा भर कशावर आहे? नसबंदी करा, रेबीजची लस द्या आणि जिथून उचलले तिथे नेऊन सोडा, यावर. पालिकेचा हिशेब नसबंदीच्या शस्त्रक्रियांच्या आकड्याने होतो. स्कूटरखाली मांडीचे हाड मोडलेली कुत्री, जबडा फुटलेले मांजर, रक्ताची हगवण लागलेले पिल्लू या हिशेबात बसत नाहीत. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, १९६२ या क्रमांकावर फिरते पथकही येते; पण ही यंत्रणा गाय, म्हैस, शेळी यांच्यासाठी उभी राहिली. शेतकऱ्याचे पोट त्या जनावरांवर चालते, त्यामुळे त्यात काही चूक नाही. या दोन यंत्रणांच्या मधली जागा मोकळी आहे आणि रस्त्यावरचे आजारी जनावर नेमके त्या जागेत पडलेले असते. पालिकेकडे मागणी करावी, जरूर करावी, अंदाजपत्रकात वेगळी तरतूद व्हावी म्हणून नगरसेवकाला धरावे. तरतूद होईपर्यंत जनावराने थांबावे, असे मात्र म्हणता येत नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने राज्यघटनेत मूलभूत कर्तव्ये आली. त्यांत सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे कर्तव्य नागरिकावर टाकलेले आहे. ते पालिकेकडे ढकलून आपण मोकळे होत नाही.

या आक्षेपाला अलीकडे एक नवे वळण मिळाले आहे. कुत्रे रस्त्यावर नकोतच, त्यांना निवाऱ्यात कोंडा, म्हणजे उपचाराचा प्रश्नच मिटेल, असे म्हटले जाते. ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने दिल्ली परिसरातले कुत्रे निवाऱ्यात हलवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला आणि नसबंदी व लस झालेले, रेबीजची बाधा नसलेले, आक्रमक नसलेले कुत्रे मूळ जागी सोडण्यास सांगितले. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके अशा आवारांतून कुत्रे काढून निवाऱ्यात ठेवण्याचे आदेश निघाले. या आदेशांबद्दल कोणाचे काहीही मत असो, दाटीने ठेवलेल्या जनावरांत रोग अधिक वेगाने पसरतो. डिस्टेंपर आणि पार्वो हे रोग एका पिंजऱ्यातून दुसऱ्या पिंजऱ्यात सहज जातात. पार्वोचा विषाणू तर जमिनीवर, भांड्यांवर कित्येक महिने टिकून राहतो. त्यामुळे जितके कुत्रे निवाऱ्यात जातील तितका डॉक्टर, औषधे, विलगीकरणाची खोली, निर्जंतुकीकरण यांवरचा खर्च वाढेल. कुत्रे रस्त्यावरून हटावेत असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी तर उपचारनिधीला सर्वांत आधी हातभार लावायला हवा. उपचाराची सोय नसलेला निवारा म्हणजे जनावरांना नजरेआड मरायला ठेवण्याची जागा.

‘उपचार केले की संख्या वाढते’ हा आक्षेप थोडक्यात निकालात निघतो. संख्या वाढते ती जन्मांमुळे. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे दोन महिन्यांचा असतो आणि ती वर्षातून दोनदा विऊ शकते. बरे झालेले जनावर नसबंदी आणि लस करूनच दवाखान्याबाहेर सोडायचे, हा नियम उपचारनिधीला जोडला की तोच निधी संख्या रोखण्याचे साधन होतो. ही अट न पाळणाऱ्या संस्थेला देणगी देऊ नये, असे मी म्हणेन.

आता देणाऱ्यांकडे वळू, कारण खरी अडचण तिथे आहे. फोटोतली भीषणता आणि उपचाराचा खर्च यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. किडे पडलेली जखम पाहवत नाही, पण ती स्वच्छ करणे, किडे मारणारे औषध आणि काही दिवसांचे ड्रेसिंग यांवर बहुधा भागते. कुत्र्यांत समागमातून पसरणारी टीव्हीटी ही गाठ रक्ताळलेली, भयंकर दिसते. आठवड्याला एक याप्रमाणे व्हिन्क्रिस्टीनची चार-सहा इंजेक्शने दिली की ती बहुतेक वेळा पूर्ण बरी होते. याउलट पार्वो झालेले पिल्लू फोटोत नुसते मलूल दिसते. त्याला रात्रंदिवस सलाईन, उलटी थांबवणारी औषधे, प्रतिजैविके आणि वेगळी खोली लागते. हे मिळाले तर बहुतेक पिल्ले वाचतात, न मिळाले तर बहुतेक दगावतात. मांजरांतल्या एफआयपी या रोगाला काही वर्षांपूर्वीपर्यंत उपायच नव्हता. आता औषध आहे, पण ते साधारण चौऱ्याऐंशी दिवस, वजनाच्या हिशेबाने, एकही दिवस न चुकवता द्यावे लागते. फोटोने जागी झालेली कळकळ चार दिवस टिकते. मांजराला मात्र बारा आठवडे औषध लागते. मग पहिल्या पंधरवड्याचे पैसे जमतात, पुढचे जमत नाहीत, आणि ते मांजर सांभाळणारी व्यक्ती डॉक्टरांकडे उधारी करते. पैसा गोंडस पिल्लाकडे आणि उघड्या जखमेकडे जातो. म्हातारी, खरूज भरलेली, नुसती अशक्त झालेली जनावरे मागे राहतात. लस टिकवणारा फ्रीज, एक्स-रेचे यंत्र, रात्रपाळीच्या मदतनिसाचा पगार, विलगीकरणाची खोली यांचे तर फोटोच निघत नाहीत, आणि जनावरे वाचतात ती नेमकी यांच्यामुळे.

मुंबईच्या जुन्या व्यापाऱ्यांना हे कळले होते. १८३२ मध्ये रस्त्यावरचे कुत्रे मारण्याच्या इंग्रजी अंमलदारांच्या मोहिमेविरुद्ध शहरात दंगल उसळली. पारशी त्यात पुढे होते. दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभाई आणि इतर व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ उभा राहिला. त्याच्या खर्चासाठी व्यापाऱ्यांनी मालाच्या उलाढालीवर ठरावीक आकार स्वतःवर लावून घेतला. जखमी जनावर डोळ्यांसमोर असो वा नसो, पैसा येत राही. पुढे १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था निघाली आणि दिनशा पेटिट यांच्या देणगीतून परळला त्यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नावाचे प्राण्यांचे रुग्णालय झाले. शतकाहून अधिक काळ तेथे जनावरांवर उपचार होत आहेत. त्या दात्यांनी एका कुत्र्याला पैसे दिले नाहीत, इमारत आणि व्यवस्था दिली. म्हणून पुढच्या पिढ्यांतल्या, त्यांनी कधी न पाहिलेल्या जनावरांवर उपचार झाले.

राहिला फसवणुकीचा आक्षेप. जुनाच फोटो पुन्हा फिरवणे, मेलेल्या जनावराच्या नावाने पैसे मागत राहणे, वैयक्तिक खात्यावर आलेल्या रकमेचा हिशेब न देणे हे प्रकार घडतात. ते नाकारणे म्हणजे प्रामाणिक कार्यकर्त्यांवर अन्याय करणे होय, कारण एका लबाडीची किंमत दहा प्रामाणिक माणसे मोजतात. पण यावर उपाय नवा शोधायचा नाही. गणेशोत्सवाची वर्गणी गोळा करायला मंडळे धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१ क ची परवानगी घेतात, हे महाराष्ट्रात सर्वांना माहीत आहे. सार्वजनिक न्यासांना लेखापरीक्षण बंधनकारक आहे. मांडवाच्या वर्गणीला जी शिस्त लागते, ती जनावरांच्या औषधाच्या वर्गणीला का लागू नये? पैसे शक्यतो थेट दवाखान्याच्या खात्यावर जावेत, बिल आणि निदानाचा कागद दात्याला दिसावा, शिल्लक रक्कम कुठे वळवली ते कळावे. जनावर दगावले तर तेही तितक्याच उघडपणे कळवावे. मरणाची बातमी लपवणारा हिशेबही लपवतो, असा संशय लोक घेतात आणि तो अवाजवी नाही. याच प्रामाणिकपणात आणखी एक गोष्ट येते: जे जनावर वाचणार नाही, ज्याच्या वेदना थांबणार नाहीत, त्याला डॉक्टरांच्या हातून शांत मरण देणे हाही उपचारच आहे, आणि त्याचा खर्च निधीतून व्हायला हवा. लोकांच्या भावनेसाठी त्याला जिवंत ठेवणे ही दया नाही.

काही दाते म्हणतील, ‘ज्या जनावरासाठी दिले त्याचे काय झाले हे न कळता पैसे द्यायला मन होत नाही.’ ही अडचण खरी आहे आणि तिला उत्तर देण्याची जबाबदारी संस्थांची आहे. दर महिन्याला किती जनावरे आली, किती बरी झाली, किती दगावली, किती जणांची नसबंदी झाली आणि खर्च कशावर झाला, एवढा एक पानाचा अहवाल कोणतीही लहान संस्थाही काढू शकते. तो मागण्याचा हक्क पन्नास रुपये देणाऱ्यालाही आहे. कंपन्यांत काम करणाऱ्यांनी आणखी एक करावे: कंपनी कायद्यातल्या सामाजिक जबाबदारीच्या यादीत प्राणिकल्याणाचा स्पष्ट समावेश आहे, तेव्हा आपल्या कंपनीच्या निधीतला वाटा जवळच्या प्राण्यांच्या दवाखान्याला मिळावा म्हणून अर्ज करावा. आणि ज्यांना स्वतःच्या खिशातून द्यायचे आहे, त्यांनी आपल्या गावातला नोंदणीकृत दवाखाना किंवा संस्था निवडावी, तेथे एकदा जाऊन पिंजरे, औषधांचे कपाट आणि नोंदवही पाहावी, झेपेल तेवढी रक्कम दरमहा आपोआप जाईल अशी सोय करावी आणि पावतीवर जनावराचे नाव न घालता ‘सर्वसाधारण उपचारनिधी’ असे लिहून घ्यावे.