भाणातले लिटर, बाटलीतले लिटर

काजूचा हंगाम जवळ आला की गोव्यात दारू गाळायची तांब्याची भाणे घासायला निघतात. पहिल्या गाळपाचा हुर्राक किती निघेल, त्यातून फेणी किती, हा हिशेब बऱ्याच भाट्यांवर अजूनही नजरेने होतो. ही नजर पिढ्यानपिढ्या कमावलेली आहे आणि तिचा मान राखायलाच हवा. पण 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या काजू फेणीच्या बाटलीवर 42.8 टक्के अल्कोहोल छापायचे, तर नजरेला मापाची जोड लागते.

सुरुवात भाणापासून व्हावी. त्याचे पोट गोल. गोल भांड्यात पाव उंचीपर्यंत रस चढला म्हणजे पाव भाण भरले असे होत नाही; भरते ते सोळा टक्क्यांहूनही कमी. हंगामाआधी पाच-पाच लिटर पाणी ओतून काठीवर खुणा करायला एक सकाळ पुरते.

पुढचे गणित शुद्ध अल्कोहोलचे. समजा, 15 टक्क्यांचा 40 लिटर हुर्राक आणि 6 टक्क्यांचा 40 लिटर आंबलेला रस एकत्र चढवला. दोन्हींत मिळून अल्कोहोल 8.4 लिटर. त्यातून 42.8 टक्क्यांची फेणी फार तर साडेएकोणीस लिटर निघेल. पहिली आणि शेवटची धार बाजूला काढली की त्याहून कमीच.

खरा घोटाळा उन्हाळा करतो. बहुतेक अल्कोहोलमापक 20 अंश सेल्सिअससाठी आखलेले असतात. एप्रिलात तिशीच्या वर तापलेल्या फेणीत तोच मापक साधारण चार टक्के जास्त दाखवतो. मापकावर 42.8 वाचले तरी बाटलीत जाते ती 39 च्या आसपासची. तापमापी आणि दुरुस्तीचा तक्ता भाटीवर नसेल, तर मापक असून नसल्यासारखा.

गाळण्याचे कायदे जागोजागी वेगळे: महाराष्ट्रात परवान्याविना गाळणे गुन्हा आहे, न्यूझीलंडमध्ये 1996 पासून स्वतःपुरते घरी गाळायला मुभा आहे. पाणी आणि अल्कोहोल मात्र सगळीकडे मिसळताना आकसतात. 60 टक्क्यांचे 10 लिटर 42.8 वर आणायचे तर एकूण 14 लिटर व्हावे लागते. त्यासाठी चार लिटर पाणी पुरत नाही, वर सव्वाशे मिलीच्या आसपास आणखी लागते. मिसळताना द्रव तापतोही. म्हणून पाणी थोडे थोडे घालावे, निवू द्यावे आणि मगच मापक पुन्हा बुडवावा.