घर आणि कायदा : सही झाली म्हणून हक्क संपत नाही

प्रश्न : मार्च २०२५ मध्ये कारखान्यात आमच्या ह्यांची उजव्या हाताची तीन बोटं पॉवर प्रेसखाली गेली. तेव्हा वय ३५, पगार १२,००० रुपये. मालक घरी आले, 'कोर्टकचेरी कशाला, आपसात मिटवू' म्हणाले आणि स्टॅम्पपेपरवर सही घेऊन गेले. एक लाख ठरले. ४०,००० मिळाले, पुढचे हप्ते बंद. विचारलं तर म्हणतात, 'मिटलंय ना सगळं?' काय करावं?
– एक भगिनी

उत्तर : ताई, तुम्हाला राहिलेल्या ६०,००० ची चिंता आहे. मला मात्र तो एक लाखाचा आकडाच खटकतो.

हा अपघात १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा लागू असतानाचा. त्यात हिशेब ठरवून दिला आहे. एका हाताची तीन बोटं गेली की कमाईची ताकद ३० टक्के घटली असं धरतात. पगाराचे ६० टक्के म्हणजे ७,२०० रुपये; त्याला ३५ व्या वर्षाचा गुणक १९७.०६ आणि येईल त्याचे ३० टक्के. रक्कम होते सुमारे सव्वाचार लाख!

असा करार मालकाने नुकसानभरपाई आयुक्तांकडे नोंदवायचा असतो. रक्कम अपुरी असेल किंवा सही दबावाने घेतली असेल, तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. नोंदलेल्या कराराचे पैसे थकले तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखे वसूल करता येतात. आणि मालकाने करार नोंदवलाच नाही, तर पूर्ण भरपाई त्याच्याच डोक्यावर राहते. शिवाय आयुक्तांनी वेगळं सांगितलं नाही तर दिलेल्या पैशांपैकी निम्मेच त्याला वळते करता येतात. तुमच्या ४०,००० पैकी २०,०००.

तेव्हा आधी कामगार न्यायालयात जाऊन करार नोंदलाय का, ते विचारा. नोंदला असेल तर वसुलीचा अर्ज द्या. नसेल तर ह्यांच्या नावाने पूर्ण भरपाई मागा, १२ टक्के व्याजासह. मुदत अपघातापासून दोन वर्षांची. मालकाच्या गोड बोलण्यात ती घालवू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे, म्हणून अर्ज कुठे द्यायचा तेही तिथेच विचारून घ्या. पगारातून ई.एस.आय. कापत असतील, तर मात्र दाद त्या महामंडळाकडे मागायची. वकिलाच्या फीची धास्ती नको. कारखान्यातल्या कामगाराला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तो मोफत मिळतो.

आणि मैत्रिणींनो, पगाराची चिठ्ठी, दवाखान्याचे कागद, कराराची प्रत रेशनकार्डाशेजारी जपून ठेवा. दुखण्याच्या घाईत पुढे आलेल्या कागदावर सही करण्याआधी एक रात्र जाऊ द्या.