शोधणाराचा शब्द

उत्तम माल घरांत असून गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारीं जातें, याचें कारण पूर्वीं दर, जागा अथवा ओळख यांत सांपडत असे. हल्लीं तें पुष्कळदां एका शब्दांत सांपडतें. ज्यास वस्तु हवी असते तो प्रथम हातांतील फोनवर चार शब्द लिहितो, आणि त्यांवरून जीं पानें पुढें येतात त्यांपैकीं पहिल्या चार-पांचांवरच बहुधा त्याची नजर थांबते. आपलें पान त्यांत यावें म्हणून त्यावर कोणते शब्द असावे, हा आजच्या लेखाचा विषय. इंग्रजींत ज्यांस ‘कीवर्ड’ म्हणतात त्यांस आम्ही येथें ‘शोधशब्द’ म्हणूं. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं सुना-मुलींनीं मसाल्यांचा, लोणच्यांचा किंवा शिकवणीचा लहानसा व्यवसाय मांडला असेल. त्यांस हा विषय परका नाहीं. परंतु आम्हां करवीरकरांस तो विशेष जवळचा वाटावा असें एक कारण आहे, आणि तें म्हणजे कोल्हापुरी चप्पल.

प्रथम यंत्राची रीत समजून घेऊं. आपण प्रश्न विचारला कीं शोधयंत्र त्या क्षणीं साऱ्या जगांत धांवत सुटतें, अशी कित्येकांची समजूत असते. तसें नाहीं. तें आधींच कोट्यवधि पानें वाचून त्यांची पदसूचि करून ठेवितें, आणि आपण विचारल्यावर ती सूचि चाळतें. आपल्याकडे हा विचार नवा नव्हे. कात्यायनाच्या सर्वानुक्रमणींत ऋग्वेदाच्या सूक्तांचीं आद्यपदें, ऋषि, देवता व छंद नोंदिलेले आहेत; जाणत्यास हवें तें सूक्त त्यावरून काढतां येतें. आतां सूचींत नोंद व्हावयाची तर पानावर कांहीं लिहिलेलें असलें पाहिजे! नुसतीं सुंदर छायाचित्रें लावून दुकान सजविणारांचें येथेंच फसतें. चित्रावरून यंत्र थोडेंफार ओळखतें. परंतु गांव, माप, चामडें आणि कारागीर हें सारें शब्दांवांचून त्यास कळावें कसें?

एकाच शब्दाखालीं सहस्रावधि पानें आलीं तर त्यांचा क्रम कसा लावावा? १९९८ सालीं लॅरी पेज व सर्गे ब्रिन यांनीं गूगल स्थापन केलें तें या प्रश्नाचें एक नवें उत्तर घेऊन. इतर पानें ज्याचा हवाला देतात तें पान अधिक वजनाचें. आणि हवाला देणारें पान स्वतः वजनदार असेल तर त्याची साक्ष आणखी मोठी. नैयायिकांच्या आप्तवाक्याजवळचाच हा न्याय. आज याखेरीज इतरही पुष्कळ गोष्टी पाहिल्या जातात. तथापि पानावरचे शब्द व इतरांची साक्ष हे दोन खांब अद्याप उभे आहेत.

मग शब्द कोणता घालावा? मालकास जो आवडतो तो नव्हे; शोधणाराच्या तोंडीं जो असतो तो. अमरकोशांत एकेका वस्तूचीं अनेक नांवें एकत्र आढळतात. व्यवहारांतही तसेंच आहे. कारागीर कापशी, पुकरी, बक्कलनाळी असे प्रकार सांगेल; पुण्या-मुंबईचा नवरदेव मात्र ‘लग्नासाठीं कोल्हापुरी चप्पल’ इतकेंच लिहील. म्हणून शीर्षकांत लोकांचा शब्द आणि वर्णनांत कारागिराचा शब्द, अशी वांटणी करावी. म्हणजे नवखा व जाणता दोघेही त्या पानापर्यंत पोंचतात. ‘राजवैभवी पादभूषणांचें अद्वितीय दालन’ हें शीर्षक कानास गोड लागेल, पण पादभूषण शोधावयास कोण निघतो? त्यापेक्षां ‘पुरुषांसाठीं हातशिलाईची कोल्हापुरी चप्पल’ हें साधें शीर्षक बरें. खालीं चामडें कोणतें, तें हिरडा व बाभळीची साल वापरून कमावलेलें आहे काय, तळ किती जाड, मापें कोणतीं, पावसाळ्यांत चप्पल कशी जपावी, हें सांगावें. एका पानावर एकच विषय ठेवावा व प्रत्येक चित्रास एका ओळीची ओळख द्यावी. रोमन लिपींत ‘चप्पल’ कोणी एका ‘पी’नें लिहितो, कोणी दोहोंनीं, तेवढी चूक यंत्र पदरांत घेतें. तिच्यासाठीं अशुद्ध शब्दांची माळ लावण्याचें कारण नाहीं.

मोहाची वाट येथूनच फुटते. एकदां शब्द घातल्यानें लाभ होतो, तर शंभर वेळां घातल्यानें शतपट होईल, असें मानणारे निघालेच. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत शब्द लपविण्यापर्यंत त्यांची मजल गेली. पानाच्या मस्तकीं, वाचकास न दिसणारी, शोधशब्दांची यादी देण्याची सोय होती. तिचा इतका दुरुपयोग झाला कीं, क्रम लावतांना आपण ती यादी विचारांत घेत नाहीं, असें गूगलनें २००९ मध्यें जाहीर केलें. शब्दांची अशी भरताड आज त्या कंपनीच्या नियमांप्रमाणें दोष ठरते, व दोषी पान खालीं ढकललें जातें किंवा सूचींतून काढलेंही जातें. आम्ही जन्मभर वह्या तपासल्या. प्रश्नांतलेच शब्द उलटसुलट करून पान भरणारा विद्यार्थी प्रत्येक वर्गांत असतो, आणि त्याची युक्ति दुसऱ्या ओळीसच उघडी पडते. पुनरुक्तीचा हा दोष आतां यंत्रासही कळूं लागला आहे.

परंतु पुनरुक्तीहून मोठा दोष असत्याचा. १९९९ च्या भौगोलिक मानांकनाच्या कायद्याखालीं कोल्हापुरी चपलेस २०१९ मध्यें मानांकन लाभलें. महाराष्ट्रांतील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकांतील बेळगांव, धारवाड, बागलकोट व विजापूर, अशा आठ जिल्ह्यांशीं तें नांव बांधलेलें आहे. म्हणजे ‘कोल्हापुरी’ हें आतां नुसतें विशेषण राहिलें नाहीं. ती कायद्यानें राखलेली मिळकत झाली आहे. तरीही भलत्या ठिकाणीं, भलत्याच पदार्थाचीं, सांच्यांतून काढलेलीं पादत्राणें याच शब्दाखालीं विकावयास मांडलेलीं दिसतात. यंत्र शब्द जुळवितें. मानांकनाचा दाखला पाहून तें कोणास वर बसवीत नाहीं. उलट बाजूचें उदाहरण जून २०२५ मध्यें घडलें. प्राडा या इटालियन कंपनीनें मिलान येथें कोल्हापुरी घाटाच्या चपला प्रदर्शनांत आणल्या, व त्यांस केवळ चामड्याच्या सँडल म्हटलें. आपल्याकडे ओरड झाल्यावर प्रेरणा कोठली हें कंपनीनें मान्य केलें, आणि त्याच वर्षीं डिसेंबरांत दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशीं करार केला. एकीकडे मालावांचून नांव, दुसरीकडे नांवावांचून माल! दोहोंत हानि मात्र एकाचीच, ज्यानें ही विद्या सांभाळली त्या चर्मकार कारागिराची.

त्यानें आपल्या खऱ्या मालाचें खरें वर्णन, आपल्या नांवागांवासह, लिहून ठेवणें हा यावर त्याच्या हातचा उपाय आहे. परंतु कला त्याच्या हातीं असली तरी लेखणीची संवय त्यास असेलच असें नाहीं. ती आमच्या घरांत आहे. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही त्याच्या चपला पायीं घातल्या. त्या ऋणापुढें दोन पानें लिहून देणें फार नाहीं. येत्या सुटींत घरच्या तरुणांनीं हें काम अंगावर घ्यावें. प्रथम दहा माणसांस विचारावें कीं, अशी वस्तु हवी झाल्यास तुम्ही काय लिहून शोधाल? तीं उत्तरें हीच शोधशब्दांची पहिली यादी. मग कारागिराजवळ बसून माहिती घ्यावी व ती त्यास वाचून दाखवावी. दुकान असल्यास गूगलच्या नकाशावर त्याची नोंद करावी. तीस पैसे पडत नाहींत. ‘सर्च कन्सोल’ या विनामूल्य साधनानें लोक कोणत्या शब्दांनीं पानापर्यंत आले हें दिसतें. दोन-तीन महिन्यांनीं तें पाहून मजकूर सुधारावा. आठ दिवसांत पहिला क्रमांक मिळवून देतों म्हणणारास मात्र एक पैही देऊं नये. तसें वचन कोणासच पाळतां येण्यासारखें नाहीं.

आणखी एक गोष्ट. परगांवच्या गिऱ्हाइकासाठीं इंग्रजी पान हवेंच. पण मराठींत विचारणारास मराठींत उत्तर मिळावयाचें तर कोणीतरी तें आधीं मराठींत लिहून ठेविलें पाहिजे. आतां यंत्रें स्वतःच उत्तरें रचून देऊं लागलीं आहेत. त्यांचीही शिदोरी म्हणजे माणसांनीं लिहिलेला मजकूरच. बक्कलनाळी म्हणजे काय, असें उद्यां एखाद्या नातवानें विचारलें तर तें नीट सांगणारें मराठी पान त्यास सांपडावें. असें पान ज्या घरीं लिहिलें जाईल त्या घरानें आम्हांस अवश्य कळवावें.