अपात्र घरातील झोप

वऱ्हाडात शेतकऱ्याने विष घेतले की शासनयंत्रणा जागी होते. तलाठी येतो, पंचनामा होतो, सातबारा व कर्जाचे दाखले गोळा केले जातात आणि यथावकाश प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' याचा निर्णय लागतो. अमरावती विभागीय आयुक्तांचे कार्यालय २००१ पासून या मृत्यूंची नोंद ठेवीत आले आहे. पात्र कुटुंबासाठी २००६ साली १ लाख रुपयांची मदत ठरली. त्यांतील ३० हजार हातात व ७० हजार ठेवीत. या साऱ्या कागदपत्रांत मागे राहिलेल्यांच्या झोपेला मात्र रकाना नाही.

ज्या स्त्रीने नवऱ्याला गोठ्यात तडफडताना पाहिले, तिला तेच दृश्य रात्री पुन्हा दिसते. कीटकनाशकाचा तो उग्र वाससुद्धा येतो. दचकून जाग आली की पुन्हा डोळा मिटण्याचे भय वाटते. जागरणाने शरीर थकते, थकलेल्या मनाला ते स्वप्न अधिकच छळते, आणि सकाळी निंदणाला जाणे तर चुकत नाही. गाव म्हणते, बाहेरची बाधा आहे. दवाखान्यात गेल्यास बहुधा झोपेची गोळी मिळते. वास्तविक, अशा आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात त्याच्या लक्षणांवर बेन्झोडायझेपीन वर्गातील गोळ्या देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच बजावले आहे.

या स्त्रीला तो प्रसंग किती वेळा सांगावा लागतो, हेही पाहिले पाहिजे. पोलिसांना, तलाठ्याला, बँकेला, वार्ताहरांना, भेटीला आलेल्या पुढाऱ्यांना. आणि, हे कटू असले तरी खरे आहे, आंदोलकांच्या व्यासपीठावरूनही. प्रत्येक वेळी सांगणे दुसऱ्याच्या कामासाठी, आणि शेवट प्रत्येक वेळी तोच.

दुःस्वप्नांवरचा एक परिणामकारक उपाय नेमका याच्या उलट दिशेने जातो. जागेपणी, दिवसाउजेडी, स्वप्न पाहणाऱ्यानेच ते बदलायचे. वाटेल तसे, आपल्या मर्जीने. मग ते नवे स्वप्न रोज थोडा वेळ मनात घोळवायचे. आरंभ सर्वांत भयंकर स्वप्नापासून करू नये, एखादे सौम्य निवडावे. लैंगिक अत्याचार सोसलेल्या १६८ अमेरिकन स्त्रियांवरील प्रयोगाचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. या पद्धतीने त्यांची दुःस्वप्ने लक्षणीयरीत्या घटली होती. याला महागडे औषध लागत नाही. लिहिता येत नसेल तर विश्वासाच्या माणसाजवळ बोलूनही हे करता यावे.

ते माणूस कोठून आणायचे, असा प्रश्न अमरावती जिल्ह्यात तरी विचारला जाऊ नये. याच जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पाने गावपातळीवरील कार्यकर्त्यांना शिकवून घरोघर पाठविले. नैराश्यग्रस्तांपैकी मदत मिळणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. तो प्रकल्प नैराश्यासाठी होता, दुःस्वप्नांसाठी नव्हे. परंतु दार ठोठावणारे माणूस गावातच घडविता येते, एवढे त्याने सिद्ध केले.

आधी कर्ज आणि कापसाचा भाव, मन मागाहून, असा युक्तिवाद चळवळीत नेहमी ऐकू येतो. त्यात तथ्य आहेच. सावकार दारात येत राहतो, फवारणीचा डबा घरातच असतो; संकट टळले आहे, असे त्या स्त्रीला कोणत्या तोंडाने सांगावे? पण म्हणून कर्जमुक्तीपर्यंत तिने जागेच राहावे काय? थकलेली, भ्यालेली स्त्री वारसनोंदीसाठी तहसीलचे खेटे कसे घालणार? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा हक्क ठरविला आहे आणि २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर 'टेली-मानस'चा विनामूल्य सल्लाही मिळतो. मात्र फोन करण्याचे बळ आधी कोणी तरी द्यावे लागते.

म्हणून अमरावती व अकोला येथील कार्यकर्त्यांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे एक साधी मागणी लावून धरावी. प्रकरण पात्र ठरो वा अपात्र, त्या घरी प्रशिक्षित व्यक्तीने जावे, आणि त्या भेटीत पंचनाम्याचा एकही प्रश्न विचारू नये. ही भेट तेरवीच्या गर्दीत उरकू नये. गर्दी ओसरल्यावर महिन्याभराने एकदा जावे, आणि पुढच्या पेरणीच्या सुमारास, बियाण्यासाठी पुन्हा उसनवारी सुरू होते तेव्हा, आणखी एकदा.