दुसऱ्याच्या पैशाचा डाव

लातूर येथे 20 जुलै 2025 रोजी एका सत्ताधारी पक्षाच्या प्रदेशाध्यक्षांपुढे निषेध म्हणून पत्ते टाकण्यात आले आणि निषेध करणाऱ्यांना मारहाण झाली. तत्कालीन कृषिमंत्री विधान परिषदेच्या सभागृहात भ्रमणध्वनीवर रमी खेळत होते, हा त्या निषेधामागील आरोप होता. मंत्रिमहोदयांनी तो नाकारला. तथापि महिना संपता संपता त्यांचे कृषी खाते गेले. त्या आरोपाच्या खरेखोटेपणात येथे शिरावयाचे नाही. मंत्र्याला जाब विचारणारे कोणी ना कोणी असते, एवढेच त्यावरून लक्षात घ्यावयाचे. परंतु ज्याच्या हाती दुसऱ्याचे शेत, घर आणि पैसा विश्वासाने सोपविलेला असतो, त्या वकिलाला पत्त्यांचे, मटक्याचे वा भ्रमणध्वनीवरील पैजांचे व्यसन जडले, तर त्याला जाब कोणी विचारावयाचा?

वकील मंडळी इतरांहून अधिक जुगारी असतात, असे मुळीच सुचवावयाचे नाही. शिक्षक, कारकून, व्यापारी यांनाही हे व्यसन लागते. फरक आहे तो परिणामांत. कारकून हरतो तेव्हा बहुधा स्वतःचा पगार हरतो. वकिलाच्या बाबतीत मात्र स्वतःचा पैसा संपल्यावर कपाटात पक्षकाराचा पैसा असतो.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत या पैशाला एक ओळखीचे नाव आहे : मावेजा. लेंडी धरण असो की महामार्ग, जमीन जाते तेव्हा वाढीव मावेजासाठी शेतकरी न्यायालयाची पायरी चढतो. किनवट, मुखेड, निलंगा, अहमदपूर येथून एस.टी.ने येणारा हा माणूस वकीलपत्रावर सही किंवा अंगठा करतो आणि वर्षानुवर्षे तारखा मोजतो. अखेरीस हाती येणारी रक्कम म्हणजे त्याच्या जमिनीचे उरलेले एकमेव रूप होय. ती कोणाच्या डावावर लागली, तर त्याची जमीन दुसऱ्यांदा जाते.

याविषयी नियम नाहीत असे नाही. 1961 च्या अधिवक्ता अधिनियमाखाली भारतीय वकील परिषदेने केलेले नियम स्पष्ट आहेत. पक्षकाराच्या पैशाचा हिशेब ठेवावा, मागणी होताच त्या हिशेबाची प्रत द्यावी, हाती असलेल्या त्याच्या रकमेचे कर्जात रूपांतर करू नये. हा शेवटचा नियम जुगाऱ्याचे मन ओळखूनच केला असावा असे वाटते. कारण असा मनुष्य ‘मी चोरी करतो’ असे स्वतःशी कधीच म्हणत नाही; ‘चार दिवसांसाठी वापरतो, उद्याच्या डावात भरून काढीन’ असे म्हणतो. कौरवसभेत द्रौपदीने विचारलेला प्रश्न शेवटी कायद्याचाच होता. जो स्वतःला हरून बसला, त्याला दुसऱ्याला पणास लावण्याचा अधिकार कोठून आला? सभेतील जाणते त्या वेळी निरुत्तर झाले. आजच्या वकीलवर्गाला ती सवलत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली याचे उत्तर दिलेले आहे. उत्तर प्रदेशातील एका वृद्ध, असहाय शेतकऱ्याचे भूसंपादनाचे 8,118 रुपये त्याच्या वकिलाने न्यायालयातून उचलले आणि त्याला दिले नाहीत. वकील परिषदेने दिलेली सनद निलंबनाची शिक्षा न्यायालयास अपुरी वाटली. त्या वकिलाचे नाव यादीतूनच काढून टाकण्यात आले. त्या प्रकरणात जुगाराचा संबंध नव्हता. पण पैसा कशापायी गेला, याने पक्षकाराच्या हानीत काय फरक पडतो?

जुगाराची अनावर ओढ हा मानसिक विकार आहे, हेही तितकेच खरे. अमेरिकन मानसोपचार संघटनेने 1980 मध्येच त्याची विकारांत नोंद केली. विकाराला उपचार हवेत, तिरस्कार नको. मात्र आजार हे अपहाराचे समर्थन होऊ शकत नाही. म्हणून सहानुभूती आधी हवी, अपहार घडण्यापूर्वी. तो घडल्यावर कायदाच हवा. कायद्याने खेळ थांबेल, या भ्रमातही राहू नये. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर, कौशल्य की नशीब हा भेद न करता, बंदी घालणारा कायदा संमत केला. पण 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा असतानाही मटका मुंबईहून गावोगाव पोचलाच होता.

तेव्हा करावयाचे काय? इंग्लंडमध्ये सॉलिसिटरने पक्षकाराचा पैसा स्वतंत्र बँक खात्यात ठेवावा, असे बंधन आहे. न्यूझीलंडमध्ये वकिलाने बुडविलेल्या पैशाची भरपाई करणारा निधी 1929 साली उभा राहिला. आपल्याकडे वकिलांच्या कल्याणासाठी 1981 च्या अधिनियमाने निधी आहे. बुडालेल्या पक्षकारासाठीही तसा काही आधार असावयास नको काय? मोटार अपघाताची भरपाई थेट दावेदाराच्या खात्यात जमा करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये न्यायाधिकरणांना सांगितले. मावेजाच्या प्रत्येक रुपयाला हीच वाट मिळाली पाहिजे.

नांदेड आणि लातूरच्या वकील संघांना मुंबईची वाट पाहण्याचे कारण नाही. अडखळणाऱ्या सहकाऱ्याशी खासगीत बोलून त्याला उपचाराकडे वळविणारी चार ज्येष्ठांची समिती ते उद्याही नेमू शकतात. सहकारी घसरत चालल्याचे प्रथम बाररूमलाच कळते. तेथील मौनाला मैत्री म्हणता येणार नाही. दोन्ही शहरांतील विधी महाविद्यालयांनीही व्यावसायिक नीतीचा विषय परीक्षेपुरता न ठेवता विद्यार्थ्यांना पक्षकाराच्या पैशाचा हिशेब प्रत्यक्ष लिहावयास लावावे.

आणि वाचकांनीही एक संकोच सोडावा. आपल्या वकिलाकडे हिशेबाची प्रत मागणे हा अविश्वास नव्हे; तो नियमाने दिलेला हक्क आहे. सचोटीने वकिली करणाऱ्याला त्या मागणीचा राग येण्याचे कारण नाही.